नेहमीचंच पाणी

प्रिय मुंगे,

या नावाने तुला आता कुणी हाक मारत नसेल. सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत यायचीस आणि खाली मान घालून दिवसभर नळ्यांमागून नळ्या भरत राहायचीस, म्हणून मीच ते ठेवलं होतं. सव्वीस वर्षं झाली. तुझा पत्ता मिळवणं अवघड नव्हतं, लिहायला बसणं अवघड होतं. चार कागद चुरगळून झालेत, हा पाचवा.

मी अजून त्याच इमारतीत आहे. तुझी खिडकीकडची जागा फ्रीझरने बळकावली आहे. आपले सर निवृत्त झाले. कानांनी कमी ऐकू येतं, पण हट्ट तसूभरही कमी नाही. त्यांच्या खुर्चीत आता मी बसते आणि नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगते, "जिवाणूतलं हे प्रथिन म्हणजे डीएनएवर ठिय्या मांडून बसलेला पहारेकरी. तो बसलाय तोवर पुढचं जनुक गप्प. तांबं येऊन त्याला चिकटलं की त्याची पकड सुटते, जनुक जागं होतं आणि जिवाणू तांबं बाहेर फेकणारा पंप बनवायला घेतो. विषाची चाहूल लागण्याआधीच कशाला राबा!" पोरं हसतात. हे शब्द तुझे आहेत, हे मी कधी सांगत नाही.

तुझे शेवटचे तीन आठवडे मला तारखांसकट आठवतात. त्या पंपाच्या जनुकाच्या जागी आपण हिरवं चमकणारं जनुक बसवलं होतं. तांबं असेल तर नळी हिरवी, नसेल तर काळोख. आणि तुझ्या बिनतांब्याच्या नळ्या चमकल्या. तू सगळं धुऊन पुन्हा केलंस. पुन्हा हिरव्या. तिसऱ्यांदा सर कमरेवर हात ठेवून समोर उभे, तरी हिरव्याच. "नळ्यांची अदलाबदल झालीय. तुझ्या हाताला शिस्त म्हणून नाही," ते सगळ्यांदेखत म्हणाले. तरी तू बोललीस, "सर, जिवाणूंना तांबं दिसतंय. कुठून येतंय ते शोधू या ना." सरांनी पाण्यात तांबं तपासायची पट्टी बुडवली, ती कोरी निघाली. पाणी मी भरून आणायची, म्हणून मग ते माझ्याकडे वळले. "पाणी कुठलं वापरलं?" मी म्हणाले, "नेहमीचंच."

नव्हतं गं. शुद्ध पाण्याचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून मी तळमजल्यावरच्या जुन्या यंत्रातून कॅन भरून आणला होता. त्यात वाफ थंड करणारी नळी तांब्याची होती. लेबल मी बदललं नाही आणि नंतर विसरूनही गेले. पण सरांनी विचारलं त्या क्षणी मला लख्ख आठवलं. माझ्या शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीवर त्याच आठवड्यात त्यांची सही व्हायची होती. एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. मी ते गिळलं. सरांनी तुला काढलं, आणि चार दिवसांनी तुझी खोकी जिन्यावरून उतरवायला मीच आले. वयाने दोनच वर्षांनी मोठी, तरी तू मला थोरली म्हणायचीस. फाटकाशी म्हणालीस, "थोरले, तू होतीस म्हणून इतके दिवस टिकले."

याहून वाईट पुढे आहे. तू गेल्यावर मी कॅनमधलं उरलेलं पाणी मोठ्या यंत्रावर मोजून घेतलं. तांबं होतं, पट्टीला कळू नये इतकं थोडं. जिवाणूंना कळलं होतं. ज्या नळ्यांपायी तू गेलीस, त्यांवरूनच मला सुचलं की हे प्रथिन केवढं तिखट कानाचं आहे. त्यावर माझा प्रबंध झाला, माझं नाव झालं. तुझं नाव त्यात आभारापुरतंही नाही.

परवा आमच्याकडे संशोधक विद्यार्थ्यांच्या मुलाखती होत्या. एक मुलगी आली. उत्तर देण्याआधी अगदी तुझ्यासारखाच खालचा ओठ चावत होती. हाच विषय का, असं आम्ही विचारलं तर म्हणाली, "आईमुळे. आईनेही यात काम केलंय. पण ती म्हणते, तिच्या हाताला शिस्त नव्हती, म्हणून सोडावं लागलं." मला उठून बाहेर जावं लागलं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की तू सरांवर चिडली असशील, कदाचित माझाही संशय आला असेल. तू ते खरं मानून जगत असशील, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याच दुपारी मी निवड समिती सोडली आणि सरांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. दोनदा, मोठ्याने. ते म्हणाले, "आता कशाला उकरतेस?" काल संस्थेलाही लेखी कळवलंय, काय व्हायचं ते होवो. तुझ्या लेकीची निवड झाली आहे, माझ्या मताशिवाय, तिच्या गुणांवर, आणि ती माझ्या हाताखाली नसेल. तिला मी काही बोलले नाही. ते आधी तुला कळायला हवं होतं. क्षमा मागत नाही, तो तुझ्याच डोक्यावर आणखी एक भार. फक्त हे वाचल्यावर ती घरी आली की तिला समोर बसव आणि सांग, "माझं काहीच चुकलं नव्हतं."

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क कधीच घालवला, तरी दुसरं काही लिहवत नाही,

तुझीच,
थोरली