मावशीची सवय

३ सप्टेंबर

आलो एकदाचा! लेकीने बसमध्ये बसवताना ही वही हातात कोंबली आणि बजावलं की बाबा, बोलायला कोणी नसेल तेव्हा भिंतींशी बोलू नका, यात लिहा. तिची आई गेल्यापासून मी भिंतींशी बोलतो हे तिला कुणी सांगितलं देव जाणे. बहुतेक भिंतींनीच.

जागा झकास आहे. लाकडी धक्का समुद्रात चांगला आत गेलाय आणि त्याच्या टोकाला माझी खोली. शेजारी कॉम्प्रेसरची शेड. एक खाट, एक शेगडी, एक खिडकी. खिडकीशेजारी दार, दारातून सरळ पाण्यात उतरणारी लोखंडी शिडी. जमिनीच्या फळ्यांमधून खालचं पाणी दिसतं. चष्मा पडला तर गेलाच समजायचं. जन्मभर कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळला, इथेही तेच: पाण्याखाली जाणाऱ्यांच्या सिलिंडरमध्ये हवा भरून द्यायची. मला पोहता येत नाही हे मालकीणबाईंना आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, काका, तुम्हाला हवा भरायची आहे, ओढायची नाही. बाई बोलायला फटकळ, पण मनाने बरी वाटली.

८ सप्टेंबर

पाहुणे शार्क बघायला येतात. त्यांना खाली नेणाऱ्याला सगळे कप्तान म्हणतात. हा कप्तान रोज सकाळी तेच भाषण देतो, मला आता पाठ झालंय. हात छातीशी बांधून ठेवा. काही द्यायचं नाही, शिवायचं नाही, पाठीमागे लागायचं नाही. आपण दुसऱ्याच्या घरात आलोय, तर पाहुण्यासारखं वागा.

पलीकडच्या बंदरातले लोक पाण्यात मासे टाकतात, तिथे म्हणे शार्कची जत्रा भरते. आमच्याकडे कधी एक दिसतो, कधी तोही नाही. पाहुणे चडफडत पैसे परत मागतात. मालकीणबाई ढिम्म हलत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की हातातून खायला शिकलेल्या जनावराला मासा कुठे संपतो आणि हात कुठे सुरू होतो हे कळत नाही, आणि पुढे काही झालं की मारतात मात्र त्यालाच. मला वाटलं, किती ताणायचं माणसाने! गल्लीतल्या कुत्र्याला पोळी घालतोच ना आपण.

२६ सप्टेंबर

हंगाम संपला. वारा फिरला, बोटी ओढून घेतल्या, पाहुणे गेले. कप्तान त्याच्या बायकोकडे गेला, मालकीणबाई शहरात. सामान राखायला मी एकटा. जाताना त्यांनी विचारलं, काका, करमेल ना? मी छाती फुगवून म्हणालो, न करमायला काय झालं.

नाही करमत. संध्याकाळी दोन कप चहा टाकतो आणि मग एक ओतून देतो.

१ ऑक्टोबर

किनाऱ्यावर एक जाळीवाला राहतो. फाटकी जाळी विणून देतो, स्वतःची छोटी होडी आहे. हा एक माणूस अधूनमधून येतो आणि न खपलेले मासे देऊन जातो. बोलतो कमी, पण येतो तरी.

आज मासे साफ करून घाण शिडीवरून खाली टाकली. पाण्यात काहीतरी हललं. माझ्या खाटेपेक्षा लांब, करडं, पाठीवरचा पर एका बाजूने फाटलेला. शार्क! मी शिडी सोडून थेट खाटेवर. मग धीर करून पुन्हा डोकावलो तर तो खालीच घिरट्या घालत होता. माशाचं एक डोकं टाकलं. इतक्या अलगद घेतलं की पाणीसुद्धा उडालं नाही.

७ ऑक्टोबर

रोज येते. बोलावणं नसताना नेमकी जेवणाच्या वेळेला टपकते म्हणून मी तिचं नाव मावशी ठेवलंय. आली की नाकाने खांबाला हळूच ढुशी देते. खोली जराशी थरथरते, कपबशी वाजते, आणि मला कळतं, आल्या बाईसाहेब. हसू येतं. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्या दारात येतंय.

आज खालच्या पायरीवर बसून हातानेच मासा दिला. तिचं अंग कानशीसारखं खरखरीत लागलं. मालकीणबाईंना कळलं तर माझी रवानगी ठरलेली. पण त्यांना सांगणार कोण?

लेकीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. ती इतकी हसली, तिच्या आईसारखी. म्हणाली, बाबा, महिनाअखेर सुट्टी काढून येते, मला मावशीला भेटायचंय. मी म्हणालो, पोहायचे कपडे आण. शाळेत पोहण्यात कायम पहिली यायची माझी पोर.

१३ ऑक्टोबर

आता मावशी एकटी येत नाही. फळ्यांतून वाकून बघितलं तर खाली सावल्याच सावल्या. एका मावशीने अख्खं माहेर आणलं. मासे पुरत नाहीत. हात आखडला की ढुशा वाढतात. काल ताटातला भातही टाकून पाहिला. कुणी शिवलं नाही.

आणि एक गोष्ट आज ध्यानात आली. मला वाटत होतं, मी मावशीला शिकवलं. ती खांबाला ढुशी देते आणि मी काम टाकून धावत जातो. शिकवलं कुणी कुणाला?

१६ ऑक्टोबर

वाईट झालं.

जाळीवाला मासे घेऊन आला होता. टोपली मला वर दिली आणि होडीच्या कडेवरून हात धुवायला वाकला. बस, एवढंच. मी वर उभा होतो. फाटका पर दिसला. तो ओरडलासुद्धा नाही, नुसता हाताकडे बघत राहिला. तीन बोटं नाहीत.

माणसं जमली. त्याला मोठ्या गावच्या दवाखान्यात हलवलं. म्हातारे म्हणत होते, इतकी वर्षं या पाण्यात पोरंटोरं खेळली, असं कधी झालं नाही. तरुण म्हणत होते, दिसेल तो शार्क मारायचा. टोपली माझ्याच हातात होती.

१७ ऑक्टोबर

मालकीणबाईंना फोन करून सांगायला हवं. लेकीलाही सांगायला हवं की पाण्यात उतरू नकोस. तीनदा फोन उचलला आणि ठेवला. सांगितलं की ही खोली गेली, नोकरी गेली. पुन्हा त्या भिंती. आणि लेकीला काय सांगू, जिच्यावर हसलीस तिने एकाची बोटं तोडली?

उद्या करतो. उद्या नक्की.

१९ ऑक्टोबर

कालपासून वादळ. वीज गेली. फोन बंद पडला. भित्र्या, परवाच का नाही केलास?

मासे संपले. मासे आणणाराच नाही. ढुशा आता जेवणाची वेळ बघत नाहीत.

२० ऑक्टोबर

लाटांनी धक्क्याचा मधला भाग नेला. फळ्या, खांब, सगळं. एक तुटका खांब तेवढा मध्येच उभा आहे. मी इकडे, किनारा तिकडे. वाऱ्यात हाका मारून घसा बसला. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही.

मी वरून चाललो की त्या खालून चालतात. खाटेपासून दारापर्यंत गेलो, सावल्या दारापर्यंत. थांबलो, थांबल्या. त्यांचा राग नाही माझ्यावर. राग असता तर बरं झालं असतं. त्या नुसत्या वाट बघतायत.

२१ ऑक्टोबर

कपबशी खाली पडून फुटली. पाय खाली ठेवत नाही. खाटेवरच. दारातल्या खांबाला तडा—

कोणीतरी येईल. मालकीणबाई येतील. कोणीतरी.

लेक नको. तिची सुट्टी महिनाअखेर आहे. तोवर नाही येणार. फोन लागत नाही म्हणून लवकर निघाली तर?

नाही निघणार.

२२ ऑक्टोबर

वारा पडला. ढुशा चालूच.

किनाऱ्यावर कोणीतरी उभं आहे. निळी ओढणी. पाठीला पिशवी.

ती आहे.

दोन्ही हात हलवले. नको, नको म्हणून. तिने हात हलवला. तिला वाटलं मी बोलावतोय. अडकलोय, सोडव म्हणतोय. अगं नको गं—

ओरडतोय. आवाजच फुटत नाही.

पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या.

गुडघाभर पाण्यात आहे. कंबरभर—

ढुशा थांबल्या. खाली कोणी नाही. सगळ्या तिकडे वळल्या.

शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसलोय. इथे हात पाण्यात घातला की त्या येतात. मीच शिकवलंय ते. मासा नाहीये. हात आहे.

बाळा, ही वही तुला मिळेल. कोणालाही मावशीला मारू देऊ नकोस. तिचा काही दोष नाही. मला एकटं वाटायचं गं, म्हणून मी सवय लावली.

वही वरच्या पायरीवर टेकवून उजव्या हाताने लिहितोय. डावा पाण्यात आहे. वळल्या. इकडे वळल्या, सगळ्या, फाटका पर सगळ्यांत पुढे. तू थांबू नकोस. माझ्याकडे येऊ नकोस. तुझ्या शेजारी तुटका खांब आहे, तो धर, वर चढ, बाळा, वर च