गौरीच्या पावलांवरून मामा

बाळकुम, रविवार सकाळ

प्रिय लक्ष्मी,

तुला आणि दाजींना तुझ्या गोपीनाथदादाचे दोन्ही हातांनी आशीर्वाद. (डावा हात हल्ली थोडा लांब पडतो, तेव्हा काही आशीर्वाद शेजारणीला गेले तर चालवून घे.) दाजींची शुगर, तुझे गुडघे आणि तुमच्या मोहने गावातलं नळाचं पाणी, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. आता धरूनच चालतो गं, भिंतीला.

तुझा निरोप प्रफुल्लकडून कळला. तुझ्या लेकीच्या, करिश्माच्या लग्नात दादाने खुर्चीत बसायचं आणि नवरीला मांडवात प्रफुल्ल आणणार. चुलतमामा का असेना, त्याचे पाय सरळ पडतात. बरोबर आहे तुझं. मला अजिबात राग आलेला नाही. (वहिनीला विचारू नकोस, ती काहीही सांगते.)

माझं म्हणशील तर लहान मेंदूने दगा दिलाय. पायात ताकद आहे, पण मी सांगतो एक आणि पाय करतात भलतंच. डॉक्टर म्हणाले, यावर गोळी नाही, व्यायाम करा. आणि मैथिली नावाची फिजिओथेरपिस्ट घरी यायला लागली. पोरगी गोड, पण शिस्त हवालदाराची. पहिल्याच दिवशी म्हणाली, काका, बोट आधी तुमच्या नाकाला लावा, मग माझ्या बोटाला. नाक लगेच सापडलं (आपल्या बाबांचंच आहे, चुकणार कसं?), पण पुढच्या फेरीत तिचा चष्मा माझ्या बोटावर आला. तेव्हापासून ती चष्मा पर्समध्ये ठेवूनच मला शिकवते.

मग आला चालायचा व्यायाम. जमिनीवर पावलांच्या खुणा करायच्या आणि बघून बघून नेमका त्यांवर पाय ठेवायचा. खडूने करा म्हणालेली. आमच्याकडे खडू कुठला? तुझ्या वहिनीने रांगोळीचा डबा काढला, आणि तिला पावलं येतात ती एकाच प्रकारची, गौरीची. दारापासून थेट लिफ्टपर्यंत काढली, वर सवयीने हळदकुंकूही वाहिलं! मी जेमतेम सुरुवात करतोय तोच समोरच्या त्र्यंबकच्या बायकोने दार उघडलं आणि किंचाळली, "अहो भाऊजी, गौरीवर पाय देताय? आणि ती घराबाहेर कशी चाललीय?" मी दचकलो. उजवा पाय वर होता तो वरच राहिला. खाली ठेवावा तर देवीवर, बाजूला ठेवावा तर तोल जातो. तोवर मजल्यावरच्या बायका जमल्या. कोणी पावलांना नमस्कार करतेय, कोणी म्हणतेय भाऊजी उलटे फिरा, गौर आत घ्या. (मला सरळ चालता येत नाही, उलटा काय फिरतोय, डोंबल!) मैथिली मात्र टाळ्या पिटत होती, "काका, एका पायावर उभे आहात, काही न धरता!" हे माझ्या लक्षात आलं आणि मी सरळ त्र्यंबकच्या चपलांच्या रॅकवर जाऊन बसलो. रॅक गेला, मी शाबूत आहे.

आता चिकटपट्टीचे साधे चौकोन केलेत. रोज चालतो, धडपडतो, शिव्या घालतो, परत उठतो. परवा लिफ्टपर्यंत गेलो, भिंतीला बोट न लावता. आत येऊन रडलो, खोटं कशाला बोलू. बाकी सर्व क्षेम. लग्नात खुर्चीत बसेन, पोटभर जेवेन, काळजी नसावी.

तुझा,
गोपीनाथदादा

ता. क. ते खुर्चीचं उगाच लिहिलं, खोडून टाक. मला आणू दे गं तिला. एवढ्यासाठीच तर सगळी मरमर चाललीय.

आणखी ता. क. मैथिली म्हणते मांडवातल्या गर्दीत एका बाजूने आधार लागेलच. तेव्हा करिश्माला परस्पर फोन केलेला. ती माझा दंड घट्ट धरणार आहे. कोण कोणाला आणतंय ते फोटोत कोणाला कळतंय?

शेवटचं. ती म्हणते, दादामामा नसेल तर मी खोलीतून बाहेरच येणार नाही. म्हणजे ठरलंच आहे. तरी तू हो म्हण. तू हो म्हटल्याशिवाय माझा पाय उचलायचा नाही.