लाल ओळीमागचा माणूस

३ जून, सोमवार

आजपासून खुर्ची! एकोणीस वर्षं सलाईनच्या बाटल्या उभ्यानं भरल्या. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून बसून काम. कुठे, तर काचेच्या खोलीत, कॉम्प्युटरपुढे. मी चौथी पास! मॅनेजर म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत बघू." तीसच्या वर रजा झाल्या की नाव कटतं. माझ्या त्रेचाळीस झाल्यात. बघ बाबा, काय बघायचं ते.

खोलीत एक चपटं काळं मशीन बसवलंय. कारखान्यातले कॉम्प्युटर एकमेकांशी जे बोलतात ते सगळं त्यातून जातं. काही वाकडं वाटलं की पडद्यावर लाल ओळ. गेल्या वर्षी कोणी चोर बाहेरून बसल्या जागी आत शिरला, सगळ्या कॉम्प्युटरांना कुलूप घातलं. अकरा दिवस कारखाना बंद! पॅकिंगच्या सात बायकांना परत बोलावलंच नाही. आता हे शहाणपण.

इंजिनीअर बाई माझ्या लेकीच्या वयाची. पण सांगते छान. "मावशी, दोन आठवडे हे फक्त ओरडणार, अडवणार नाही. आत्ताच अडवायला लावलं तर आपल्याच माणसांना धरेल. लाल ओळ आली की या वहीत वेळ लिहायची, आत जाऊन बघायचं कोण काय करत होतं. आपलं काम असेल तर 'आपलं' लिहा, मी मशीनला सांगेन याला सोड. नसेल तर 'परकं'."

एवढंच? हे तर मी आमच्या गल्लीत फुकट करते!

लिहायचा हात बसावा म्हणून तिनंच ही दुसरी वही दिली. घरी लिहा म्हणाली. काय लिहू? म्हणाली काहीही. बरं.

४ जून

सात ओळी. गुडघा शिव्या देतोय. पण डॉक्टरनं चाला म्हणून सांगितलंच होतं.

६ जून

वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवरून अठरा वेळा तेच तेच. मशीनला वाटलं हल्ला. जाऊन बघते तर ओले हातमोजे घालून बाई एकच बटण दाबतेय! "उमटतच नाही ना!" हातमोजा काढ की मग. आपलं.

मग स्टोअरकीपर. पासवर्ड बदललाय हे विसरला आणि नऊ वेळा जुनाच मारला. वर मलाच म्हणतो, "तुमचं ते नवीन डबडं बिघडलंय." म्हटलं, डबडं तुमच्या मानेवर आहे, ते बघा. आपलं.

प्रत्येक लाल ओळीमागे एक माणूस असतं. मला हे काम आवडायला लागलंय. लिहिते आणि हसू येतं.

८ जून

जाऊबाईंनी डबा दिला, वर उशी दिली. खुर्चीत पाठीला लाव म्हणाल्या. ऑपरेशननंतर त्रेचाळीस दिवस या बाईनं मला उचललं, धुतलं, केस विंचरले. स्वतःची पॅकिंगची ड्यूटी करून! तोंडावर कधी बोलले नाही मी. मला जमत नाही. इथे लिहिते. उपकार आहेत.

१२ जून, बुधवार

काल आणि आज, दोन्ही दिवस साडेबाराला, पॅकिंगच्या कॉम्प्युटरवरून हजेरीच्या कॉम्प्युटरवर टकटक. पासवर्ड चुकतो, परत मारतात, परत चुकतो. काल अडतीस वेळा. आज एक्केचाळीस. जेवणाच्या सुट्टीत! मी जाईपर्यंत तिथं कोणी नाही.

उद्या डबा नंतर.

१३ जून, गुरुवार

उपाशी गेले. पॅकिंगच्या कॉम्प्युटरपुढे खुर्चीत जाऊबाई.

"काय करताय?"

"काही नाही गं. बाटल्या मोजत होते."

समोर हजेरीचं पासवर्ड मागणारं पान उघडं होतं. माझे डोळे फुटलेत का?

घरी आल्यावर धरलं. मग म्हणाल्या, "तुझ्या रजा कमी करणार होते. त्रेचाळीसच्या एकोणतीस. तुझं नाव कटलं तर मला बघवणार नाही." म्हटलं, म्हणून तीन दिवस दार ठोठावताय? म्हणाल्या, "तीन दिवस कुठे! आजच बसले. हजेरी क्लार्कच्या पोरांची नावं पासवर्ड म्हणून घालून बघितली. चारदा. चारदाच!" मी पडद्यावर बघितलंय – आज पंचेचाळीस! तसं सांगितलं तर म्हणतात, "तुझं मशीन खोटं बोलतं." मी म्हटलं, मशीनला जाऊ नाहीये खोटं बोलायला.

लागलं त्यांना. उठून गेल्या.

सोमवारी मशीन अडवायला लागणार. त्याआधी कामाच्या वहीत लिहायचंय. 'आपलं' लिहिलं तर जाऊबाई सुटल्या. पण मग इंजिनीअर बाई मशीनला सांगणार की या टकटकीला सोड, आणि ते दार कायमचं उघडं. 'परकं' लिहिलं तर माझ्याच घरात परकं.

जेवण गेलं नाही.

१४ जून, शुक्रवार

'परकं' लिहिलं. कोण या खान्यात लिहिलं – माझी जाऊ. माझ्यासाठी. माझ्या रजा त्रेचाळीस आहेत, एकही कमी नाही.

इंजिनीअर बाईनं दोनदा वाचलं. मॅनेजरला बोलवावंच लागेल म्हणाली. बोलावलं. तो तडकला, जाऊबाईंना आठ दिवस घरी बसवलं. मग माझ्याकडे वळला. तेवढ्यात ही पोरगी मध्ये पडली! "सर, घरच्या माणसाचं नाव लिहिलंय त्यांनी. मला इथे दुसरं कोणी नको. रजांचं काय ते तुम्ही बघा." मॅनेजर घसा खाकरत म्हणाला, "ठीक आहे. राहू दे."

राहिले मी. तिचे आभार कसे मानू? हात धरला फक्त.

जाऊबाई माझ्यासमोरून डबा घेऊन बाहेर गेल्या. वळून बघितलं नाही.

१५ जून

घरात बोलणं बंद. भांडी बोलतात. आदळतात.

१६ जून, रविवार

दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. जाऊबाई भिंतीकडे तोंड करून भाजी निवडत होत्या. मी म्हटलं, चूक कबूल करा, मी विसरते. म्हणाल्या, "केलं तेवढं कबूल केलंय. न केलेलं कसं करू?" हट्टी बाई! पण पिशवी ठेवली. अशी जाऊ कोणाला मिळते?

१७ जून, सोमवार

मशीन आजपासून अडवतंय. साडेबाराला लाल ओळ. पॅकिंगचा कॉम्प्युटर, हजेरीचं दार, चव्वेचाळीस वेळा. चौथ्या टकटकीपासून पुढच्या सगळ्या मशीननं अडवल्या. गुडघ्यासकट धावले. खुर्ची रिकामी. आजूबाजूला कोणी नाही. पडदा बंद, पण खालच्या डब्याचा दिवा लुकलुकतोय – कॉम्प्युटर आपला आपण ठोकतोय!

इंजिनीअर बाईनं तार उपटली. "मावशी, चोर याच्यात बसलाय. बाहेरून चालवतायत. तुम्ही 'आपलं' लिहिलं असतं तर आज सगळं गेलं असतं." पाठ थोपटली माझी.

जाऊबाई तर घरी आहेत.

चारदाच मारलं होतं त्यांनी.