शेजारणीचं अंडं

२ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला, माहीत आहे मला. आधी रागावून घे आणि मग पुढे वाच. अगं, मान वर करायला फुरसत नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांची न्याहारी आता माझ्या गळ्यात पडली आहे. पूर्वी काय होतं, शाळा भरायच्या आधी चार बिस्किटं आणि साखरेचं रंगीत दूध. लवकर येतील त्यांची चंगळ, लांबून चालत येणारी पोरं कोरडीच. ते सगळं मी मोडीत काढलं. आता पहिली घंटा झाली की वर्गातच, बाकावर ताट येतं. गरम लापशी, उकडलेलं अंडं, पाव, बिनसाखरेचं दूध, एखादं फळ. मास्तरांनी सुरुवातीला नाकं मुरडली, वर्गात सांडलवंड होते म्हणून. आता तेच सांगतात की दुसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकणारी पोरं जागी असतात.

एक मात्र डोक्याला ताप आहे. काही शाळांत मुलांचं वजन हलायलाच तयार नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं की पोरं अंडी खिशात घालून घरी नेतात. म्हणून पुढच्या महिन्यापासून नवा नियम: ताटातलं ताटातच संपवायचं, वर्गाबाहेर काही न्यायचं नाही. वाढणाऱ्या मावश्या दारात खिसे बघतील. तुझ्या नातीच्या, भिंगरीच्या शाळेतही.

धाकट्याचा काचेचा कारखाना काय म्हणतो? तो मला दोन ओळी खरडत नाही. मागे एकदा मी म्हटलं की त्या कारखान्याचं काही खरं नाही, तेव्हापासून साहेब फुगून बसलेत. सूनबाईला आणि भिंगरीला आठवण सांग. आणि तू दात बसवून घेतलेस का? खोटं लिहू नकोस, मी भिंगरीला विचारीन.

रागातही तुझी माया असतेच, ती तशीच राहू दे.

तुझी,
ताई

१० ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मिळाली. मुकादमाने दोघांचेही पैसे अडकवलेत ते कळलं. मनाला लावून घेऊ नकोस. दिवसभर गोदामात पोती उचलायची आणि रात्री काळजी करायची, अशाने माणूस खंगतो. सूनबाईच्या हातांना लॉंड्रीतल्या साबणाने भेगा पडल्यात म्हणे. तिला रात्री तेल लावायला सांग, आणि ती ऐकणार नाही, म्हणून तूच लाव.

भिंगरीला माझ्यापाशी ठेवलीत ते फार बरं केलंत. इथे शाळेत सकाळचं पोटभर मिळतं. पोरगी मात्र महा बदमाश. अर्धी न्याहारी रुमालात बांधून मधल्या सुट्टीत पळत घरी येते. मी ओरडते, पण ती समोर फतकल मारून अंडं सोलते आणि मी तोंड उघडेपर्यंत जागची हलत नाही. मला दात नाहीत म्हणून पिवळं माझं, पांढरं तिचं. तेव्हा माझ्या सकाळची चिंता नको. संध्याकाळी एक भांडं शिजतं, ते आम्हां दोघींना होतं.

ताईचं पत्र आलंय. ती आता न्याहारीवरची मोठी अधिकारी झाली आणि मुलांचे खिसे तपासणार आहे. तुझा कारखाना बंद पडला आणि तुम्ही घर सोडून तिकडे गेलात, हे तिला कळलं तर पुन्हा घराची पायरी चढणार नाहीस, असं तू बजावून गेलास. मी मूग गिळून बसले आहे. पण बहिणीपुढे कसली रे लाज? मी सांगितलं होतं असं ती एकदा म्हणेल, आणि दुसऱ्या क्षणाला धावत येईल. असो. मी तुझा शब्द मोडत नाही. अंड्यासाठी मात्र एक शक्कल लढवते.

दोघं जपून राहा. मायेला इथे काही कमी नाही, तेवढं एक भरपूर आहे.

तुझी,
आई

१० ऑगस्ट

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रागावून झालं, आता ऐक. तुझं कौतुक वाटलं. लहानपणी दूध खिडकीतून ओतून देणारी मुलगी आज गावभरच्या पोरांना दूध पाजते आहे. कारखान्याचं धाकट्यालाच विचार, मला त्यातलं काही कळत नाही.

पण तुझ्या त्या खिसे तपासण्यावर माझं भांडण आहे. आपल्या शेजारी एक म्हातारी राहायला आली आहे. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच बोळकी आणि तशीच हट्टी. तिची नात भिंगरीच्या वर्गात आहे. मुलगा कामासाठी परगावी आहे, त्याचे पैसे अडकलेत. ती पोर रोज अर्धं अंडं रुमालातून आजीला आणून भरवते, आणि म्हातारी त्यावर संध्याकाळपर्यंत काढते. तेवढं एक अंडं दारातून जाऊ दिलंस तर तुझं काय बुडणार आहे? मावशीला एक शब्द टाक. तू अधिकारी आहेस ना?

दातांचं म्हणशील तर तोंडात काहीच नाही म्हणून बोलणं थोडं फुसफुसतं, बाकी झकास.

आईला विसरू नकोस, इतकंच मागणं.

तुझी,
आई

२४ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझी रदबदली पोहोचली. हसू आलं आणि वाईटही वाटलं. पण नाही, आई. एका अंड्याने बुडतं गं. जी मुलं घरी नेतात, तीच मैदानात उभ्या उभ्या कोसळतात. परवा एका मुलीला मी स्वतः उचलून आत नेलं. हातांना तिचं ओझं जाणवलंच नाही, इतकी हलकी. रात्रभर मला झोप आली नाही. ती भाकड दया आता मी करणार नाही. पोरांचं अन्न पोरांच्या पोटात गेलं पाहिजे. एकीला सूट दिली की उद्या सगळी रांग लागेल, आणि पुन्हा पहिल्यासारखं.

शिवाय त्या म्हातारीला मुलगा आहे म्हणतेस. मग तो करतो काय? नातीच्या तोंडचा घास आईला खायची पाळी आणणारा मुलगा कसला? भेटला तर माझ्या नावाने चार खडे बोल सुनाव त्याला. आणि तुला एवढाच कळवळा असेल तर तुझ्याच ताटातलं तिला वाढ. तू काही उपाशी नाहीस.

रागावू नकोस. मी कामात कडक आहे ते तुझ्याकडूनच आलंय.

तुझीच,
ताई

१९ सप्टेंबर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भिंगरीने वाचून दाखवलं. तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, माझ्या डोळ्यांना ते झेपत नाही. माझ्याच ताटातलं वाढ, या ओळीला तर मला इतकं हसू आलं की पोरगी घाबरून पाणी घेऊन आली.

शेजारणीला सगळं सांगितलं. मुलाबद्दलचं ऐकून तिला लागलं. मुलगा वाईट नाही म्हणते, नुसता मानी आहे. पण घरी नेणारी पोरं कोसळतात हे तिने मनावर घेतलं. मग पोरीच्या खनपटीलाच बसली, तेव्हा पोरगी कबूल झाली की मैदानात दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली होती आणि तिने कुणाला सांगितलं नाही. म्हातारीने तिथेच कानाला खडा लावला. पोरीला बजावलं की ताट पुसून खायचं, तू पूर्ण खाल्लंस की माझं पोट भरतं. आता पोरगी रोज येऊन, काय काय खाल्लं ते सांगते आणि म्हातारी ऐकत बसते. तुझा नियम बरोबर आहे. मी उगाच भांडले.

जमलं तर एकदा येऊन जा. काम काही नाही. पावसाचा गारठा वाढला आहे, आणि तुला माझ्यासमोर बसून जेवताना पाहिल्याला बरेच दिवस झाले. धाकटा घरी नसतो हल्ली, कामात असतो, त्यामुळे भांडणाचीही भीती नाही.

अक्षर हललंय तिकडे लक्ष देऊ नकोस, टेबलाचा पाय डुगडुगतो.

सुखात राहा, एवढंच.

तुझी,
आई

२८ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बघ, मी म्हटलं नव्हतं! सगळ्या शाळांची वजनं आली. सगळ्यांत जास्त फरक भिंगरीच्या शाळेत पडलाय, आणि त्यातही आपली भिंगरी पहिल्या पाचांत. बाई लिहितात की तिच्या गालांवर रंग आलाय. मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटल्यासारखी सांगत सुटले.

या महिन्यात येणं जमत नाही गं. वरचे साहेब पाहणीला येणार आहेत आणि माझ्या नाकी नऊ आलेत. नोव्हेंबरात तुमच्याच शाळेला भेट आहे, तेव्हा दोन दिवस तुझ्यापाशीच राहीन, नक्की. तुझ्या शेजारणीला सांग, मी तिच्यावर रागावलेली नाही. तिच्यासाठी मऊ खाऊचा डबा आणते, बिनदातांना चालेल असा. तू त्यात हात घालू नकोस.

डबा आणि मी, दोघांची वाट बघ.

तुझी,
ताई

२५ नोव्हेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

आई गेली आणि तू आलीस, त्या दिवशी मी तुला टाळत होतो. सगळं उरकल्यावर तू डबा घेऊन शेजारचं दार ठोठावत राहिलीस. दाराला कुलूप बघून परत आलीस आणि मला विचारलंस की ती म्हातारी कुठे गेली. मी तोंड फिरवून निघून गेलो. आज लिहितो.

तिथे कुणी म्हातारी नव्हती. ते घर तीन वर्षं बंद आहे. कारखाना उन्हाळ्यातच बुडाला, आम्ही दोघं तेव्हापासून परगावी होतो, आणि आईला तुझ्यापासून लपवायला मीच भाग पाडलं. भिंगरी रुमालातून अंडं आणायची ते आईसाठी. नियम आला आणि ते थांबलं. पुढे आमचे पैसेही आले नाहीत. संध्याकाळचं भांडं ती भिंगरीपुढे सरकवायची आणि आपलं आधीच झालंय म्हणून सांगायची. लहानपणी आपल्यालाही हेच सांगायची, आठवतं? आपण तेव्हाही खरं मानलं. मला ती पत्रात लिहायची की दोघींना पुरतं, आणि मीही मान डोलावली, कारण मला तसंच हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, साधा खोकला होता. पण अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं.

तुझं ते पत्र भिंगरीने तिला वाचून दाखवलं होतं. मुलगा कसला, हे वाक्य माझ्याच पोरीच्या तोंडून तिने ऐकलं. ताई, तू म्हणालीस ते खरंच आहे. खडे बोल सुनावायला सांगितलं होतंस, ते तिने शेवटपर्यंत मला सुनावले नाहीत. तू तरी सुनाव.

धाकटा

२ डिसेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी घे.

तुला काय सुनावू? तू मला पत्रं लिहिली नाहीस, मी आईला लिहिली आणि तिची नीट वाचली नाहीत. शेजारीण माझ्यासारखीच बोळकी आणि हट्टी आहे, असं तिने लिहिलं होतं रे. माझ्यासारखीच! आणखी कसं सांगायला हवं होतं तिने? मी तिला तिच्याच ताटातलं वाढायला सांगितलं.

ऑफिसात रोज ती वजनं समोर येतात. नियम फाडून टाकावा वाटतो, आणि मग भिंगरीच्या नावापुढचा आकडा दिसतो. पोरगी भरली आहे, धाकट्या. आता तिला अंधारी येत नाही. नियम चूक होता असं मला म्हणताही येत नाही, आणि हेच गिळवत नाही. मी भांडून एवढं मिळवलं आहे की ताट संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला घरी न्यायला वेगळी पिशवी मिळेल. चार महिन्यांपूर्वी भांडले असते तरी मिळालं असतं.

सूनबाईला भिंगरीपाशीच राहू दे. तू माझ्याकडे निघून ये. मान बाजूला ठेव, मीही माझी ठेवली आहे.

ताई

१५ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आम्ही बऱ्या आहोत. आई आता माझ्यापाशीच असते. बाबा तुझ्याकडे नीट जेवतात का ते कळव. शाळेत आता घरी न्यायला पिशवी मिळते, त्यात दोन अंडी असतात. वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या की ती तुझ्या आत्याने मिळवून दिली. त्या आता माझा रुमाल झटकून बघत नाहीत. काल वजन केलं तेव्हा बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि माझा फोटो काढला, तो तुझ्या ऑफिसात येईल.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात, हे मला आजीने शिकवलं होतं. ते मी आधीच लिहून टाकते, कारण मला तुला एक विचारायचं आहे आणि बाबांना विचारलं की ते उठून जातात.

आजी म्हणायची की तू पूर्ण खाल्लंस की माझं पोट भरतं. मी रोज पूर्ण खात होते, आत्या. लापशीसुद्धा, पिवळंसुद्धा. एकही दिवस टाकलं नाही. तू मावशींना विचार.

मग असं कसं झालं?

भिंगरी