चारशे जणांचं आमेन

प्रिय सलोमी,

तुला मराठी कळतं, पण वाचता येत नाही. म्हणूनच हे लिहितोय. पाठवणार नाही.

जर्मनीतल्या आपल्या चर्चच्या राष्ट्रीय अधिवेशनाला डार्मश्टाटच्या जुन्या मताच्या लोकांनी मला प्रतिनिधी म्हणून धाडलं, ते दोन बायकांचं लग्न चर्चमध्ये लावायच्या ठरावाला विरोध करायला. तू आणि तुझी योहाना, नोंदणी लग्न आधीच केलेल्या, पाहुण्यांच्या बाकावर होतात. दोन मिनिटांत माझा माईक बंद केला. ठराव पास झाला, टाळ्या पडल्या. मग बिशपबाई गोड हसून म्हणाल्या, "शेवटची प्रार्थना आपले शांतवन त्यांच्या सुंदर भाषेत करतील."

गेनाऊ, अगदी बरोबर. भाषा हवी, मत नको.

मी डोळे मिटले आणि नगरच्या चर्चमध्ये बाबा करायचे तशी खड्या आवाजात मराठीत प्रार्थना केली. प्रभू, हा ठराव मोड, म्हणालो. माझ्या मुलीचं हे लग्न टिकू देऊ नकोस, असंही म्हणालो. चारशे माणसांनी भक्तिभावाने आमेन म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

डोळे उघडले तेव्हा एकटी तू गप्प होतीस.

बाहेर योहानाने तुला विचारलं, पप्पांनी काय मागितलं? तू माझ्याकडे न बघता जर्मनमध्ये म्हणालीस, "आपल्या दोघींसाठी आशीर्वाद." ती रडत माझ्या गळ्यात पडली.

तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. योहाना मात्र दर रविवारी न चुकता फोन करते.

तुझा,
पप्पा