पाणीही अडकते

८ जानेवारी २०२५, बुधवार
पाणी पुन्हा अडकले. छातीच्या मधोमध, भाकर अडकते तिथेच. उभा राहिलो, छाती पुढे काढली, दोन्ही हात वर केले — मग गुडगुड करत उतरले. दिवाळीपासून दोन्ही सोबतच सुरू झाले. भाकरीचे घरात माहीत आहे. पाण्याचे कोणाला सांगितले नाही. सांगणारही नाही.

दादाचे गाठीने असेच झाले होते. आधी भाकर, मग वरण, मग पाणी. चाळीस वर्षे तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला त्याने. मीही खाल्ला! शेवटी वहिनीने त्याच्या तोंडात गंगा टाकली, ती गालावरून ओघळून उशीवर गेली. पाणी उतरेना म्हणजे माणूस संपला. आमच्याही देव्हाऱ्यात गंगेचा गडू आहे, तोंड झाळून बंद केलेला. हल्ली देवाला दारातूनच हात जोडतो. गडू दिसायला नको.

१९ जानेवारी, रविवार
शेतशेजारी प्रेमसिंगकडे गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचे जेवण. पहिलाच घास थांबला. प्रेमसिंग वाढता वाढता ओरडला, "शामराव, रोडगा खाऊन राह्यले का त्याले पाहून राह्यले?" पंगत हसली. मी उठलो, गोठ्यामागे जाऊन ओकलो. आंबट नाही, कडू नाही — गिळला तसाच घास परत! आत येऊन म्हणालो, ठसका लागला.

२७ जानेवारी, सोमवार
पिंटूसोबत कापूस घेऊन दिग्रसला गेलो. जिनिंगच्या काट्यावर उभा राहिलो. एकावन्न किलो. दसऱ्याला साठ भरलो होतो. पोरगा काट्याकडे बघत राहिला. त्यालाही त्याचा मोठा बाबा, माझा दादा, आठवला असेल.

३ फेब्रुवारी, सोमवार
गावच्या डॉक्टरने दिलेल्या जळजळीच्या गोळ्या संपल्या. फरक नाही. पिंटूने यवतमाळच्या पोटाच्या डॉक्टरकडे नंबर लावला. हंसा म्हणते, बायको आहे, मीही येते. कायले? स्वतःचे गुडघे चालत नाहीत! ऐकत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
डॉक्टरीणबाई तरुण आहे. "बाबा, पाणी पिताना काही होतं?"
"नाही. पाणी बरोबर जाते."
तोच हंसा मागून — "खोटं बोलून राह्यले हे! दिवाळीपासून पाणीही अडकते. तुळशीमागे जाऊन, हात वर करून पेतेत. मले काय आंधळी समजता?"

झाले, आता निकाल! पण बाईने पेन खाली ठेवला. भाकर आणि पाणी एकाच वेळी अडायला लागले का, हे दोनदा विचारले. मग म्हणाली, "हेच तर सगळ्यात आधी सांगायचं होतं." गाठ असली तर बहुतेक आधी भाकर अडते, पाणी पुष्कळ नंतर. पहिल्यापासून दोन्ही अडले तर अन्ननळीच्या चालीतच बिघाड असू शकतो. तरी वय, खर्रा, उतरलेले वजन — दुर्बिणीने बघावेच लागेल.

येताना एसटीत हंसापासून दोन बाकडी पुढे बसलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार
दुर्बीण झाली. गाठ नाही! पिंटूला तीनदा विचारले, माझ्यापासून काही लपवून तर नाही राह्यला? तो चिडला. "बाबा, लपवायची सवय तुमची आहे."

२० फेब्रुवारी, गुरुवार
पांढरे औषध पाजून फोटो काढले. नळी वर फुगलेली, खाली एकदम निमुळती. पोपटाची चोच जशी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
नागपूर. नाकातून बारीक नळी पोटापर्यंत घातली. डोळ्यांतून पाणी आले. मग एकेक घोट पाणी दिले, दहा वेळा, आणि मशीनवर रेषा बघत बसले. आजाराचे नाव अकॅलेशिया. पिंटूकडून कागदावर लिहून घेतले. नळीने घास खाली ढकलायचा असतो, ती ढकलत नाही. पोटाच्या तोंडाशी झडप असते, ती ढिली होत नाही.
विचारले, "यानं मरते का माणूस?"
"उपाशी राहिला तर," डॉक्टर म्हणाला. फुगा घालून झडप ताणायची. नाही जमले तर ऑपरेशन.
दादाला झाले ते मला नाही. हे लिहितानाही भीती वाटते.

११ मार्च, मंगळवार
फुगा झाला. छाती दुखते.

१५ मार्च, शनिवार
अर्धी भाकर, वरणात चुरून. बसून खाल्ली! पुढे पुन्हा अडकू शकते, तपासायला येत जा म्हणाले. खर्रा बंद.

२२ मार्च, शनिवार
आज देव्हाऱ्याजवळ जाऊन बसलो. गडूची झाळ तुटलेली! हंसाला विचारले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "संक्रांतीलेच फोडला. रोज तुमच्या चहात थेंब टाकत होती. मागून, शेवटच्या वेळी, गंगा नाही उतरली तर?"
तळाशी दोन घोट उरले होते. एक तिला दिला. एक मी घेतला, बसूनच.
उतरला.