चाळणीचं हाड

सोमवार

हे हयात असताना एका सकाळी केर काढून झाला होता, दूध तापत होतं आणि मी पिठाच्या चाळणीची भोकं दाभणानं मोकळी करत बसले होते. हे म्हणाले, अगं, चाळणीला आहेत तेवढी भोकं पुरेत, नवी पाडू नकोस. आज नोकरीच्या पहिल्याच दिवशी ते आठवलं आणि एकटीच हसले. मेडिकल कॉलेजात हाडांच्या खोलीची साफसफाई मिळाली आहे. मोठ्या खिडक्या, काचेची कपाटं. सूनबाईनं विचारलं, कवट्या पुसायला जमेल का? म्हटलं, त्या निदान उलट तरी बोलत नाहीत.

बुधवार

कवटीची वरची टोपी झाकणासारखी निघते. एका कवटीत आत, नाकाच्या वरच्या जागी, बारीक भोकांचं हाड दिसलं. भोकं धुळीनं बुजलेली. हात शिवशिवले. पिशवीतलं दाभण घेतलं. पापड मोडावा तसा आवाज झाला. कवटी कपाटात मागे सरकवून ठेवली.

गुरुवार

डॉक्टरबाईंनी शिकवायला नेमकी तीच काढली. मी दारात फडकं घेऊन उभी. मेंदू या तळावर टेकतो, त्या सांगत होत्या. भोकांतून वासाच्या नसा जातात. मेंदूखालची गाठ काढायला सर्जन नाकातूनच वर जातात. हे हाड फुटलं तर वास जातो, मेंदूभोवतीचं पाणी नाकातून ठिबकतं. मग त्यांना भगदाड दिसलं. पुढच्या बाकावरच्या मुलीनं काल कवटी हाताळली होती. तिला सगळ्यांसमोर नको नको ते बोलल्या. ती रडली. मी फडकं पिळत राहिले. या वयातही तोंड उघडलं नाही माझं.

शुक्रवार

दूध करपलं. सूनबाई धावत आली. आई, तुम्ही शेजारीच उभ्या आहात, वास नाही आला?

नाही आला. फिनेलचाही नाही.

शनिवार

ट्रंकेतला यांचा सदरा काढला. इतकी वर्षं धुतला नाही, वास जाईल म्हणून. तोंड खुपसून बसले. नुसतं कापड.

रविवार

केर काढायला वाकले की पाणी. नितळ. एकाच नाकपुडीतून. सर्दी नाही — सूनबाईला सर्दी म्हटलं — ओठावर खारट लागतं —

त्या पोरीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

सोमवार

सकाळी कवटी बाईंच्या टेबलावर ठेवली. त्या मुलीलाही बोलावून घेतलं. सांगितलं, आतलं हाड दाभणानं मी फोडलं, हिचा काही दोष नाही.

बाईंनी टोपी काढून कवटी खिडकीपाशी धरली. मुलीनंही पाहिलं.  मग बाई म्हणाल्या, अहो, हे तर अख्खं आहे.

मी बघायला वाकले. टेबलावर थेंब पडला. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, तशाच राहा, मान वर करू नका, आणि —

पुढचं न ऐकताच निघून आले. आता घरी लिहिते आहे. वहीवर पाणी — अक्षर फुटतंय — आत, नाकाच्या वर, कुणीतरी भोकं मोकळी —